हजार फुटांचं अंतर

ऑक्टोबरात आभाळ निवळलं की संध्याकाळी घाटकोपरच्या गच्चीवर पूर्वेकडे तोंड करून उभं राहावं. खाडीपलीकडे, कोपरखैरणे-घणसोलीच्या वर, एक दिवा दिसतो. त्याच्या मागे जरा वर दुसरा, आणखी मागे तिसरा. विमान थेट आपल्या दिशेनं येत असलं की त्याचा दिवा बराच वेळ जागचा हलत नाही. तारा समजून आपण नजर वळवतो आणि पुन्हा पाहतो तर तो मोठा झालेला असतो. मग त्याला पंख फुटतात, चाकं दिसू लागतात आणि जरीमरीच्या पत्र्यांवरून घरघरत तो विमानतळाच्या कुंपणाआड जातो. गर्दीच्या वेळी दर दोन-अडीच मिनिटांनी एक. मी घड्याळ लावून कितीतरी वेळा मोजलं आहे.

शेजारी उभे असलेले लोक विमानं बघतात. मला मात्र दोन दिव्यांमधला अंधार बघण्यासारखा वाटतो. दहा-अकरा किलोमीटरची ती मोकळी जागा कुणीतरी मोजून, बोलून तिथे राखलेली असते. एक विमान हलतं तशी ती जागाही हलते, आणि धावपट्टीपर्यंत तिला तसंच जपत आणावं लागतं.

एवढी जागा कशाला लागते, ते मुंबईच्या जमिनीवर पाहिलं की कळतं. इथे धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकदम वापरता येत नाहीत आणि सगळा भार साडेतीन किलोमीटरच्या पूर्व-पश्चिम पट्टीवर येतो. धावपट्टीचं नाव ठेवायची रीत सोपी आहे. ती होकायंत्रावर किती अंशांना आहे ते पाहायचं, जवळच्या दहापर्यंत धरायचं आणि शेवटचा आकडा गाळायचा. पश्चिमेकडे तोंड केलं तर २७० अंश, म्हणून २७. तीच पट्टी उलटीकडून धरली तर ९० अंश, म्हणून ०९. विमान उडताना आणि उतरताना वाऱ्याला सामोरं जातं. मुंबईचा वारा बहुतेक वेळ समुद्रावरून येतो, म्हणून विमानं घाटकोपर-कुर्ल्यावरून उतरतात आणि जुहूवरून उडतात.

या एका पट्टीवर तासाला ४६ पर्यंत उड्डाणं-उतरणं बसवली जातात. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ७८ सेकंद. डिसेंबर २०१८मध्ये तर एका दिवसात हजाराहून जास्त विमानांची ये-जा याच विमानतळावर झाली. उतरणाऱ्या दोन विमानांच्या मध्ये उडणारं एक घालायचं असतं. पहिलं उतरून बाजूला वळेपर्यंत, दुसरं पट्टीवर येऊन जमीन सोडेपर्यंत आणि तिसरं येऊन टेकेपर्यंत जो वेळ लागतो, तो म्हणजे गच्चीवरून दिसणारा तो अंधार.

त्यात हवेचाही हिशेब असतो. होडी गेल्यावर पाण्यात जशी खळबळ मागे राहते, तशी विमानाच्या पंखांच्या टोकांपासून दोन वावटळी सुटतात आणि मिनिटभर तरी हवेत घुमत राहतात. विमान जेवढं जड, तेवढ्या त्या जोरकस. म्हणून मागच्यानं किती दूर राहायचं ते पुढच्याच्या वजनावर ठरतं. रुंद पोटाच्या जड विमानामागे नेहमीचं मधल्या आकाराचं विमान असेल तर पाच मैल, ए-३८०च्या मागे असेल तर सात. हे मैल सागरी, म्हणजे जवळजवळ १.८५ किलोमीटरचे. वावटळीची भीती नसेल तेव्हाही विमानतळाजवळ रडारवर तीन आणि लांबच्या मार्गावर पाच मैलांच्या आत दोन विमानं येऊ द्यायची नाहीत, हा मूळ दंडक. तो मोडता येतो फक्त एका अटीवर: दोघांच्या उंचीत हजार फुटांचं अंतर हवं.

वैमानिकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत नाही का, असं कुणी विचारतं. मुंबईतच याचं उत्तर आहे. याच मोठ्या, म्हणजे सांताक्रूझच्या पट्टीपासून थोड्याच अंतरावर, जवळपास त्याच दिशेला, जुहूची छोटी पट्टी आहे. १९३२मध्ये जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले ती हीच. जुलै १९५३मध्ये ब्रिटिश कंपनीचं कॉमेट हे जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. काही दिवसांनी ते तिथून उडवून न्यावं लागलं. सप्टेंबर १९७२मध्ये जपानी कंपनीचं डीसी-८ त्याच चुकीनं जुहूला टेकलं आणि पट्टी संपल्यावरही पुढे गेलं. दोन्ही वेळा विमान चालवणारे अनुभवी होते. आकाशातून समुद्रकाठच्या दोन पट्ट्या सारख्याच दिसतात.

म्हणून वैमानिकाच्या डोळ्यांना जमिनीवरच्या आवाजाची जोड लागते. तो आवाज एकाच माणसाचा असतो, असा पुष्कळांचा समज आहे. मुंबईचा मनोरा ८४ मीटर उंच आहे आणि तिथे काचेआड बसलेली माणसं सगळ्यांना ठाऊक असतात. पण त्यांच्या ताब्यात फक्त धावपट्ट्या आणि लगतची हवा असते. बाकीचे नियंत्रक खिडक्या नसलेल्या मंद उजेडाच्या खोल्यांत रडारसमोर बसतात. त्यांनी सांभाळलेलं विमान त्यांना कधीच दिसत नाही.

नागपूरहून संध्याकाळी मुंबईला निघालेलं विमान घ्या. दरवाजे बंद व्हायच्या सुमारास वैमानिक क्लिअरन्स मागतो. त्यात मार्ग असतो, उंची असते आणि चार आकड्यांचा एक कोड असतो. कोडमध्ये शून्य ते सात एवढेच आकडे चालतात, म्हणून एकूण कोड ४,०९६. जमिनीवरच्या रडारनं विचारलं की विमानातला ट्रान्सपॉन्डर हा कोड आणि स्वतःची उंची सांगतो आणि पडद्यावरच्या ठिपक्याला नाव मिळतं. मग ग्राउंडच्या आवाजावर विमान पट्टीपर्यंत येतं आणि टॉवरच्या परवानगीनं उडतं. पुढे एरिया कंट्रोल, मुंबई जवळ आली की अ‍ॅप्रोच, शेवटच्या काही मैलांना पुन्हा टॉवर, उतरल्यावर पुन्हा ग्राउंड. तासा-दीड तासात सात-आठ आवाज बदलतात. प्रत्येक बदलाला पुढचा नियंत्रक आधी विमान स्वीकारतो आणि मगच वैमानिकाला फ्रिक्वेन्सी बदलायला सांगतात. एका हातातून सुटायच्या आत ते दुसऱ्या हातानं धरलेलं असतं. पूर्वी प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी असे, प्लास्टिकच्या खाचेत बसवलेली. उंची बदलली की नियंत्रक जुनी खोडून नवी लिही आणि विमान पुढच्याकडे गेलं की ती पट्टीही शेजारच्या हातात जाई. आता पुष्कळ ठिकाणी ती पडद्यावर आली आहे, पण तिला अजूनही स्ट्रिपच म्हणतात.

आणि या सगळ्याचा जीव आहे एका साध्या रीतीत. नियंत्रक सांगतो, "डिसेंड टू एट थाउजंड फीट." वैमानिकानं नुसतं "हो" म्हणून चालत नाही. त्यानं आकडा, आज्ञा आणि स्वतःच्या विमानाचं नाव परत म्हणायचं असतं. याला रीडबॅक म्हणतात. खरं काम त्यानंतर सुरू होतं. नियंत्रकानं ते परत म्हटलेलं कान देऊन ऐकायचं असतं. आपण सांगितलं तेच समोरच्यानं म्हटलं असणार, असं मन आधीच धरून चालतं आणि कानाला तेच ऐकू येतं. ही मनाची सवय मोडायला शिकवावं लागतं. प्रयागराज, हैदराबाद आणि आपल्या गोंदियाच्या प्रशिक्षण केंद्रांत नवे नियंत्रक सिम्युलेटरसमोर बसतात तेव्हा त्यांना बोलण्याइतकंच ऐकायला शिकवलं जातं.

आकड्यांचे उच्चारसुद्धा वेगळे आहेत. नाइन आणि फाइव्ह खरखरीत सारखे ऐकू येतात, म्हणून "नायनर" आणि "फाइफ". थ्रीचं "ट्री". दहा हजार म्हणायचं तर "वन झिरो थाउजंड". अक्षरांना अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी नावं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे कवायतीसारखं वाटतं. पण एका फ्रिक्वेन्सीवर पंधरा विमानं असतात आणि एका वेळी एकालाच बोलता येतं. दोघांनी एकदम बटण दाबलं की दोघांचंही बोलणं पुसून नुसती शीळ ऐकू येते.

अशाच एका शिळेनं ५८३ माणसं गेली. २७ मार्च १९७७, कॅनरी बेटांमधलं टेनेरिफ, दाट धुकं, एकाच पट्टीवर दोन जंबो जेट. डच विमानाला उडाल्यानंतरचा मार्ग सांगितला होता, उडायची परवानगी अजून दिली नव्हती. वैमानिकानं मार्ग परत म्हटला आणि त्याच दमात, आपण टेक-ऑफवर आहोत, अशा अर्थाचं काही म्हटलं. मनोऱ्यातून "ओके" आलं आणि मग थांबायला सांगितलं गेलं. नेमक्या त्याच क्षणी समोरच्या अमेरिकी विमानानं आपण अजून पट्टीवर असल्याचं कळवलं. दोन्ही वाक्यं एकमेकांवर आदळली आणि डच विमानात शीळ ऐकू आली. तेव्हापासून "टेक-ऑफ" हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी "डिपार्चर" म्हणायचं. विमान कंपनीची पाटी वाचताना दोन्ही शब्द आपल्याला एकच वाटतात. रेडिओवर त्यांची सीमा पक्की आहे.

आता उंचीकडे येऊ, कारण माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत सुंदर कल्पना तिथे आहे. विमानातलं उंची दाखवणारं यंत्र उंची मोजतच नाही. ते हवेचा दाब मोजतं. जसजसं वर जावं तसतसा दाब कमी होतो, त्यावरून ते फूट सांगतं. पण दाब तर गावोगाव आणि दिवसागणिक बदलतो. म्हणून विमानतळाजवळ तिथला त्या वेळचा दाब वैमानिकाला कळवतात. वर गेल्यावर मात्र सगळी विमानं यंत्र एकाच ठरलेल्या दाबावर लावतात, १०१३.२५ हेक्टोपास्कलवर. खाली सातपुडा असो की समुद्र, त्या क्षणी खरी उंची किती हे कुणालाच नेमकं ठाऊक नसतं. पण सगळ्यांची चूक एकसारखी असते, त्यामुळे दोघांमधलं अंतर खरं राहतं. मग दिशेप्रमाणे मजले वाटून द्यायचे. पूर्वेकडे जाणाऱ्यांना ३३, ३५, ३७ हजार असे विषम, पश्चिमेकडे येणाऱ्यांना ३४, ३६ हजार असे सम. मुंबईहून नागपूरला जाणारं विमान आणि नागपूरहून येणारं विमान एकाच रस्त्यावर समोरासमोर येऊन वर-खाली निघून जातात. पूर्वी २९ हजार फुटांच्या वर हे अंतर दोन हजार ठेवावं लागे, कारण विरळ हवेत यंत्रं तेवढी नेमकी नव्हती. नोव्हेंबर २००३पासून भारताच्या आकाशात तिथेही हजार पुरतात.

हजार फूट म्हणजे तीनशे मीटर. जमिनीवर चार मिनिटं चालायचं अंतर. आणि समोरासमोर येणारी दोन विमानं सेकंदाला पाचशे मीटरनं एकमेकांजवळ येत असतात.

हे तीनशे मीटर हरवले की काय होतं, ते भारतानं १२ नोव्हेंबर १९९६ला पाहिलं. संध्याकाळी साडेसहानंतर सौदी अरेबियाचं बोइंग ७४७ दिल्लीहून निघालं. कझाकस्तानचं इल्युशिन-७६ दिल्लीला येत होतं. दिल्लीच्या आसपासचं बरंचसं आकाश हवाई दलाकडे होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या नागरी विमानांना एकच पट्टा उरला होता. त्यात दोघं समोरासमोर होते, म्हणून नियंत्रकानं सौदी विमानाला १४ हजार फुटांवर थांबवलं आणि कझाक विमानाला १५ हजारांवर. समोरून बोइंग येत असल्याचं त्यानं कझाक विमानाला सांगितलं, किती मैलांवर आहे तेही सांगितलं. नियमाप्रमाणे सगळं झालं होतं.

पण कझाक विमान १५ हजारांवर थांबलं नाही, खाली उतरत राहिलं. त्या विमानात रेडिओवर बोलणारा वेगळा माणूस होता. त्याच्यासमोर उंचीचं यंत्र नव्हतं. आकडा पाहायचा तर वैमानिकांच्या खांद्यावरून डोकवावं लागे. त्या लोकांना मीटरची सवय होती आणि दिल्ली फुटांत बोलत होती. इंग्रजी कच्चं होतं. आणि दिल्लीच्या नियंत्रकाच्या पडद्यावर फक्त ठिपके होते. उंची सांगणारं रडार तेव्हा तिथे चालू नव्हतं. दोन ठिपके एकमेकांवरून जाताना त्यानं पाहिले असतील, तर तसे ते जायलाच हवे होते. मधले हजार फूट शाबूत आहेत, या एका बोललेल्या शब्दावर तो विसंबून होता. त्याच भागातल्या अमेरिकी हवाई दलाच्या मालवाहू विमानानं ढगात मोठा नारिंगी उजेड दिसल्याचं कळवलं. नियंत्रकानं दोन्ही विमानांना पुन्हा पुन्हा हाक मारली. हरियाणातल्या चरखी दादरीच्या शेतांत ३४९ माणसं गेली. जमिनीवरचं कुणी गेलं नाही.

न्यायमूर्ती लाहोटींच्या चौकशीत दोष कझाक विमानानं उंची मोडल्याचा निघाला. पण मला या अपघातात महत्त्वाचं वाटतं ते दुसरं. बोललेला शब्द बरोबर होता, परत म्हटलेलाही होता, आणि तरी तो पाळला जातोय का हे पाहायला डोळा नव्हता. पुढे तेच दुरुस्त झालं. येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले, उंची सांगणारी रडार आली, आणि टक्कर टाळायचा इशारा देणारं यंत्र विमानात बसवणं भारतात सक्तीचं झालं. वैमानिक आणि नियंत्रक दोघांच्याही इंग्रजीची परीक्षा घेण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत २००८पासून सुरू झाली. हवाई दलाच्या आणि नागरी नियंत्रकांचं बोलणं जुळणं आपल्याकडे किती गरजेचं आहे, तेही कळलं. पुण्याच्या लोहगावला आजही नागरी विमानं हवाई दलाच्या नियंत्रकांच्या आवाजावर उतरतात, आणि गोव्याच्या दाबोळीला नौदलाच्या.

ते इशारा देणारं यंत्र म्हणजे टीकॅस. दोन विमानांतली यंत्रं आपसात बोलतात आणि एकाला वर, दुसऱ्याला खाली जायला सांगतात. आता आज्ञा देणारे दोन झाले, माणूस आणि यंत्र. दोघांचं जुळलं नाही तर? १ जुलै २००२च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगनवर हा प्रश्न आला. झुरिकच्या खोलीत ते आकाश सांभाळणारा नियंत्रक एकटा दोन पडद्यांवर होता, टेलिफोनची मुख्य लाइन दुरुस्तीसाठी बंद होती. त्याला टक्कर उशिरा दिसली आणि त्यानं रशियन विमानाला खाली जायला सांगितलं. यंत्र त्याच विमानाला वर जायला सांगत होतं आणि समोरच्या मालवाहू विमानाला खाली. वैमानिकानं माणसाचं ऐकलं. ७१ जण गेले, बहुतेक सहलीला निघालेली मुलं होती. तेव्हापासून नियम निःसंदिग्ध आहे: यंत्रानं आज्ञा दिली की नियंत्रकाचं न ऐकता यंत्राचं ऐकायचं आणि तसं रेडिओवर कळवायचं. ते ऐकताच नियंत्रकानं गप्प राहायचं. जो माणूस आयुष्यभर बोलून अंतर राखतो, त्याला त्या काही सेकंदांत न बोलण्याची शिस्त पाळावी लागते.

यंत्रं वाढली तरी जुनी रीत कुठे ना कुठे शिल्लकच असते. मुंबईच्या नियंत्रकांकडे अरबी समुद्राचा फार मोठा भाग आहे आणि रडारची नजर किनाऱ्यापासून साडेचारशे किलोमीटरच्या आसपास संपते. त्यापलीकडे विमान आपण कुठे आहोत, किती वाजता पुढच्या बिंदूवर पोहोचू हे कळवतं. आता ते बरंचसं उपग्रहावरून, लिखित संदेशानं होतं. खरखरणारा लांब पल्ल्याचा रेडिओही सोबत असतोच. दिसत नाही तिथे अंतर जास्त ठेवतात, तिथे ते मैलांच्या बरोबरीनं मिनिटांतही मोजतात.

मुंबईकरांना याची झळ बसते ती पावसाळ्यात. नागपूरला विमानात बसून अर्धा तास झाला तरी ते हलत नाही आणि बाहेर तर लख्ख ऊन असतं. अशा वेळी प्रवासी चिडतात, मीही चिडलो आहे. पण मुंबईवर ढग उभे राहिले की तासाला ४६ जमत नाहीत. मग दिल्लीतल्या मध्यवर्ती कक्षातून ठिकठिकाणच्या विमानांना निघायच्या वेळा बांधून दिल्या जातात. जमिनीवर उभं राहायला इंधन जवळजवळ लागत नाही. तीच वाट आकाशात पाहायची तर होल्डिंगमध्ये, वर-खाली हजार हजार फुटांवर रचलेल्या लांबट फेऱ्यांत घालवावी लागते आणि टाकीतलं इंधन घटत जातं. तळाच्या मजल्यावरचं विमान उतरायला निघालं की वरचं एकेक मजला खाली येतं.

जून २०२४मध्ये मुंबईच्या याच पट्टीवर एक विमान जमीन सोडण्याच्या बेतात असताना मागून दुसरं उतरलं. कुणाला खरचटलं नाही, पण त्याचं चित्रण पाहणाऱ्यांच्या अंगावर काटा आला, आणि चौकशी होईपर्यंत नियंत्रकाला कामावरून दूर केलं गेलं. अठ्ठ्याहत्तर सेकंदांतले थोडे सेकंद चुकले की चित्र कसं दिसतं, ते त्यात होतं. अशा वेळेसाठी दोन शब्द राखून ठेवलेले आहेत: "गो अराउंड". ते वैमानिकही म्हणू शकतो, नियंत्रकही, आणि त्यावर वाद घालायचा नसतो.

गच्चीवरून तेही दिसतं. उतरत आलेलं विमान कुर्ल्याच्या वर अचानक नाक वर करतं, आवाज दुप्पट होतो, दिवे पश्चिमेकडे चढत जातात. आतल्या माणसांच्या पोटात गोळा येत असेल. मग मी पुन्हा पूर्वेकडे पाहतो. दहा-बारा मिनिटांत, ओळीतल्या दोन दिव्यांमधला अंधार जरा रुंद झालेला दिसतो, आणि बाजूनं एक दिवा सावकाश वळून त्यात येऊन बसतो.